वर्गणी ऐच्छिक, वकिली सक्तीची

११ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, विधानभवनासमोर दहा हजारांहून जास्त माणसं कडाक्याच्या थंडीत उभी होती. मोटार कारखान्यांतले कामगार, शिक्षक, नर्स, वायरमन. बहुतेकांच्या अंगात युनियनचे लाल शर्ट. हिरवळीवर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी एक मोठा तंबू ठोकला होता, तो झटापटीत जमीनदोस्त झाला. आत सभागृहात मात्र गडबड नव्हती. मतं मोजलेली होती. विधेयक मंजूर झालं आणि त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्नायडर यांनी त्यावर सही केली. हा विषय आपल्या अजेंड्यावर नाही, असं हेच गृहस्थ आधी सांगत आले होते.

घाई कसली होती, ते कॅलेंडर सांगतं. नोव्हेंबरात निवडणूक झाली होती. जानेवारीत बसणाऱ्या नव्या सभागृहात रिपब्लिकनांचं संख्याबळ घटणार होतं, म्हणून जुन्याच सभागृहात, समितीपुढची सुनावणी टाळून काम उरकलं गेलं. त्यात आणखी एक मेख होती. कायद्यात दहा लाख डॉलरच्या खर्चाची तरतूद घातली होती. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे पैशाची तरतूद असलेल्या कायद्यावर जनतेला जनमत मागता येत नाही. म्हणजे ते दहा लाख अंमलबजावणीसाठी कमी आणि कुलपासाठी जास्त होते. पोलीस आणि अग्निशमन दलाला कायद्यातून वगळलं होतं. त्यांना का वगळलं, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

हे सगळं घडलं मिशिगनमध्ये, म्हणून देश चमकला. याच राज्यातल्या फ्लिंट गावात ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस जनरल मोटर्सचे कामगार यंत्रांशेजारी ठाण मांडून बसले होते आणि ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ला, म्हणजे ‘यूएडब्ल्यू’ला, मान्यता मिळवूनच बाहेर पडले होते. अमेरिकी कामगार चळवळीचं हे पंढरपूर. तिथं ‘राइट टु वर्क’ कायदा येईल, असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

नावावर जाऊ नका. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखं काम मागण्याचा हक्क या कायद्यात कुठंच नाही. त्यात असतं ते एवढंच: मालक आणि युनियन यांनी आपापसातल्या करारात असं कलम घालायचं नाही, की इथं नोकरी टिकवायची तर युनियनला पैसे द्यावे लागतील. युनियन काढायला बंदी नाही, संपाला बंदी नाही, वाटाघाटींना बंदी नाही. करारातलं एकच कलम बेकायदा ठरतं. आज पन्नासपैकी २६ राज्यांत हा कायदा आहे.

एका कलमानं एवढं काय बिघडतं, हे समजायला अमेरिकी कामगार कायद्याची घडण पाहावी लागते. १९३५ च्या वॅग्नर कायद्यानं तिथं एक पद्धत पक्की केली. कारखान्यात गुप्त मतदान होतं. बहुमत मिळालं की ती युनियन त्या विभागातल्या सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी होते. तिला मत दिलेल्यांची, विरोधात मत दिलेल्यांची आणि उद्या नव्यानं लागणाऱ्यांचीसुद्धा. दुसऱ्या युनियनशी मालक बोलू शकत नाही, एकेकट्या कामगाराशी वेगळा पगारही ठरवू शकत नाही. ‘ज्याची वर्गणी त्याचा करार’ अशी सोय तिथं नाही.

या एकमेव प्रतिनिधित्वाला कर्तव्य चिकटलं ते एका काळ्या रेल्वे कामगारामुळे. बेस्टर विल्यम स्टील हे अलाबामात इंजिनावर फायरमन होते. त्यांच्या विभागाच्या वतीनं बोलणारी युनियन गोऱ्यांची. ती काळ्यांना सभासद करून घेत नसे, पण कायद्यानं त्यांची प्रतिनिधी मात्र तीच. त्या युनियननं रेल्वे कंपन्यांशी काळ्यांना हळूहळू इंजिनावरून हटवण्याचाच करार केला. स्टील कोर्टात गेले, त्यांची बाजू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी मांडली. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: सगळ्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कायद्यानं दिला असेल, तर सगळ्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडणं हेही तुमचं कर्तव्य, सभासद असोत वा नसोत.

निकाल उत्तमच होता. पण त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ७ नोव्हेंबर १९४४ ला, फ्लोरिडा आणि आर्कान्सा या दोन राज्यांनी मतदान करून आपल्या घटनांत ‘राइट टु वर्क’ची दुरुस्ती घातली होती. एकीकडे न्यायालय म्हणालं, सगळ्यांची सेवा करा. दुसरीकडे राज्यं म्हणाली, पैसे मात्र देईल त्याच्याकडूनच घ्या. गेल्या ऐंशी वर्षांचं सगळं भांडण या सहा आठवड्यांत जन्माला आलेलं आहे असं मला वाटतं. दोन्हीतली एकच गोष्ट असती, तर हे प्रकरण लिहायची गरज पडली नसती.

कल्पना मुळात कुणाची? १९४१ च्या कामगार दिनी ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’चे संपादकीय लेखक विल्यम रगल्स यांनी अशी घटनादुरुस्ती हवी असा अग्रलेख लिहिला. तो वाचून ह्यूस्टन शहरातले व्हान्स म्यूज त्यांना जाऊन भेटले आणि ‘राइट टु वर्क’ हे नाव घेऊन कामाला लागले. म्यूज हा पैसेवाल्यांकडून देणग्या गोळा करून चळवळी चालवणारा इसम. वंशद्वेष्टा, ज्यूद्वेष्टा, आणि त्याची लाज नसलेला. हा कायदा आला नाही तर गोऱ्या माणसांना काळ्यांबरोबर एकाच युनियनमध्ये बसावं लागेल, असा त्याचा प्रचार होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्ये या घोषणेला फसवी म्हटलं, त्यामागं हा इतिहास होता. अर्थात स्टील यांची कहाणी शेजारीच असताना सगळी काळिमा एकाच बाजूला फासणं बरं नव्हे. गोऱ्यांच्या युनियनांनीही काळ्या कामगारांना कमी छळलं नव्हतं.

देशभर या कायद्यांना भक्कम पाया मिळाला तो १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सुमारे ४६ लाख कामगार संपात उतरले होते, लोक कंटाळले होते, काँग्रेस रिपब्लिकनांच्या हातात गेली होती. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, तो काँग्रेसनं मोडून काढला. या कायद्यानं ‘आधी युनियनचं कार्ड दाखवा, मग नोकरी’ ही पद्धत देशभर बंद केली. लागल्यानंतर वर्गणी किंवा तिच्याइतकी फी द्यायला लावणं चालेल, असं ठेवलं. आणि कलम १४(ब) मध्ये राज्यांना मोकळीक दिली की हवं तर तेही बंद करा. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी ते कलम काढायचा प्रयत्न केला. खालच्या सभागृहात जमलं, सिनेटमध्ये एव्हरेट डर्क्सन यांनी लांबलचक चर्चेत विधेयक गाडून टाकलं.

आता कारखान्यात जाऊ. समजा टेनेसीतल्या एका कारखान्यात युनियन आहे आणि एक कामगार तिचा सभासद नाही. वर्गणी वाचवतोय. यूएडब्ल्यूची वर्गणी साधारण महिन्याला अडीच तासांच्या मजुरीइतकी असते, म्हणजे डोळ्यांवर येण्याइतकी नक्कीच. एके दिवशी सुपरवायझर त्याला गैरहजेरीवरून ऑफिसात बोलावतो. तो म्हणतो, युनियनचा माणूस सोबत पाहिजे. कारखान्यातला स्टुअर्ड, जो स्वतः लाइनवर काम करतो, हातातलं काम टाकून जातो. नोकरी गेली तर स्टुअर्ड तक्रार लिहितो: करारातलं कोणतं कलम मोडलं, आधी लेखी ताकीद होती का, त्याच महिन्यात इतर किती जणांना नुसती समज देऊन सोडलं. हजेरीचे कागद मागवले जातात. पहिली पायरी सुपरवायझर, दुसरी मनुष्यबळ विभाग, तिसरी युनियनचा बाहेरून येणारा प्रतिनिधी. तरीही मिटलं नाही तर लवाद. लवादाची फी बहुतेक करारांत कंपनी आणि युनियन निम्मी निम्मी भरतात, वकील ठेवला तर तो खर्च वेगळा. एका प्रकरणात हजारो डॉलर सहज जातात.

हे सगळं युनियननं त्या बिगर-सभासदासाठी करायचं. आकसानं टाळलं तर तो तिच्यावर खटला भरू शकतो. या एका तक्रारीपुरते तरी पैसे दे, असं म्हणायलाही केंद्राच्या कामगार संबंध बोर्डानं अनेक दशकं मनाई केलेली आहे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात तो हा प्रकार. फरक एवढाच की इथं भाकऱ्या भाजल्या नाहीत तर कोर्टाची नोटीस येते.

आपल्याकडच्या वाचकाला सोसायटीचा मेंटेनन्स आठवेल. समजा सरकारनं म्हटलं की मेंटेनन्स ऐच्छिक आहे, पण लिफ्ट, पाणी आणि वॉचमन सगळ्यांना सारखे मिळाले पाहिजेत. पहिल्या वर्षी थोडेच थांबतील. दुसऱ्या वर्षी भरणारे त्यांच्याकडे बघतील आणि म्हणतील, आपणच काय घोडं मारलंय? मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञानं १९६५ च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच गणित मांडलं आणि कामगार युनियनांवर त्यात स्वतंत्र प्रकरण लिहिलं. फायदा सगळ्यांना मिळणारच असेल, तर शहाणा माणूस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, हिशेब असतो.

पण दुसऱ्या बाजूचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोसायटीत फ्लॅट घेताना नियम वाचून सही केलेली असते. कामगाराला मात्र कधी कधी वीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी मतदान करून बसवलेली युनियन वारशात मिळते. तिचे पुढारी डेमोक्रॅटिक पक्षाला मदत करतात आणि हा कट्टर रिपब्लिकन. त्यानं पैसे का द्यावेत? हॅरी बेक नावाच्या टेलिफोन कामगारानं हाच प्रश्न कोर्टात नेला. खालच्या न्यायालयात हिशेब निघाला तेव्हा फीपैकी जेमतेम २१ टक्के रक्कम प्रतिनिधित्वाच्या कामाला लागते, एवढंच युनियनला सिद्ध करता आलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वाटाघाटी आणि तक्रारी यांपलीकडच्या खर्चाचे पैसे अशा माणसाकडून घेता येणार नाहीत. म्हणजे ‘राइट टु वर्क’ नसलेल्या राज्यातही राजकारणासाठी कुणाच्या खिशात हात घालता येत नाही, निदान कागदावर तरी. कागदावर म्हणतो, कारण तसा अर्ज करता येतो हे युनियन फारशी मोठ्यानं सांगत नाही.

आणखी एक टोमणा समर्थक नेहमी मारतात: एकमेव प्रतिनिधी व्हायला तुम्हाला सांगितलंय कुणी? फक्त सभासदांपुरतं बोला. यात तथ्य आहे. एकमेव असण्याची ताकद युनियनांना हवी असते, तिचं ओझं मात्र खुपतं. ही ताकद सभासदांच्या पाठिंब्यापासून सुटली तर काय होतं, ते मुंबईला माहीत आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांतली प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ पासून दोन-अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी बोलणी करायचा अधिकार संघाकडेच राहिला. गिरणगावात वर्गणीचा वाद नव्हता, पण कुणाच्या नावानं कोण बोलतो हा वाद तोच होता.

सरकारी नोकरांपुरता हा प्रश्न २०१८ मध्ये एका झटक्यात निकालात निघाला. इलिनॉय राज्यात मुलांच्या पोटगीच्या प्रकरणांवर काम करणारे मार्क जेनस यांच्या पगारातून महिन्याला ४५ डॉलरच्या आसपास फी कापली जाई. त्यांचं म्हणणं, सरकारशी पगाराची बोलणी करणं हेच राजकारण आहे आणि माझ्या पैशातून माझ्या मताविरुद्ध राजकारण करता येणार नाही. २७ जूनला न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केलं. त्या दिवसापासून देशभरच्या सरकारी नोकरांना, राज्य कुठलंही असो, अशी फी लागू नाही. आता युनियन कोसळणार, असं दोन्ही बाजू सांगत होत्या. एक आनंदानं, एक धास्तीनं. सभासद नसूनही फी भरणारे लोक जवळजवळ नाहीसे झाले, हे खरं. पण सरकारी नोकरांतलं सभासदत्व २०१८ मध्ये ३३.९ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ३२.२ टक्के राहिलं. घट झाली, भगदाड पडलं नाही. आधीच सावध होऊन युनियनांनी दारोदार फिरून फॉर्म भरून घेतले होते.

पगारावर परिणाम काय, या प्रश्नावर दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि मला दोन्हींचा कंटाळा येतो. ‘राइट टु वर्क’ राज्यांत पगार कमी, हे खरं आहे. पण मिसिसिपीत घरभाडंही न्यूयॉर्कपेक्षा कमी आणि गरिबी कायद्याच्या आधीपासूनची. उद्योग त्या राज्यांकडे सरकले, हेही खरं. थॉमस होम्स यांनी १९९८ मध्ये राज्यांच्या सीमेवरचे जिल्हे तपासले. सीमा ओलांडून उद्योगस्नेही बाजूला गेलं की उत्पादन क्षेत्रातल्या नोकऱ्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांशानं वाढतो, असं त्यांना दिसलं. पण त्यांनीच बजावलं की यातलं किती श्रेय या एका कायद्याचं आणि किती कमी कर, सवलती, सैल नियम यांचं, हे यावरून ठरत नाही. समर्थकांच्या भाषणांत हे वाक्य गाळलेलं असतं.

त्यातल्या त्यात नेमकं उत्तर २०११ नंतर हा कायदा आलेल्या राज्यांवरून मिळतं: इंडियाना, मिशिगन, विस्कॉन्सिन, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी. तिथं आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून बघता येतं. निकोल फोर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. पाच वर्षांत युनियनचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांच्या फरकानं खाली आलं आणि पगार एक टक्क्याच्या आसपास उतरले. एक टक्का म्हणजे मोर्चाच्या फलकावर लिहिण्याजोगा आकडा नाही. पण तो युनियन नसलेल्यांनाही धरून काढलेला सरासरी आकडा आहे आणि बांधकाम, शिक्षण यांसारख्या युनियनबहुल क्षेत्रांत तो ठळक दिसतो. मला तरी हा अंदाज पटतो: कामगार रस्त्यावर येत नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावरचा त्याचा हात हलका होतो. मतपेटीत तर तो आणखी हलका होतो. दुसऱ्या एका अभ्यासात शेजारशेजारचे जिल्हे तपासले, तर या कायद्यानंतर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या मतांचा वाटा साडेतीन टक्क्यांनी घटलेला दिसला. घरोघर जाऊन मतदाराला बाहेर काढणारे कार्यकर्ते युनियनच्या पैशावर चालत असत. लान्सिंगमध्ये कुणाला कशाची घाई होती, ते इथं उलगडतं.

तरी युनियनांच्या ऱ्हासाचं सगळं खापर या कायद्यावर फोडता येत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या दर शंभर कामगारांपैकी वीस युनियनमध्ये होते, २०२४ मध्ये दहाही उरले नाहीत. खासगी क्षेत्रात तर ५.९ टक्के. कायदा नसलेल्या न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियातही खासगी कारखान्यांतल्या युनियन आटल्याच. कारखाने परदेशी गेले, यंत्रं आली, आणि युनियन काढणाऱ्याला कामावरून काढलं तर होणारी शिक्षा इतकी किरकोळ की मालक ती धंद्याचा खर्च समजून भरतात.

आणि मग लास वेगस आहे. नेवाडात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘राइट टु वर्क’ आहे. तरीही तिथल्या कॅसिनो-हॉटेलांतल्या सफाईवाल्या, वाढपी, आचारी यांच्या ‘कलिनरी वर्कर्स युनियन, लोकल २२६’चे सुमारे साठ हजार सभासद आहेत. यातल्या कुणालाही वर्गणी भरायची सक्ती नाही. ही किमया नव्हे, रोजचं खपणं आहे. नवी बाई कामाला लागली की कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत तिच्याच मजल्यावर काम करणारी दुसरी बाई, तिच्याच भाषेत, बऱ्याचदा स्पॅनिशमध्ये, तिला फॉर्म दाखवते. दरमहा हप्ता न भरता कुटुंबाला मिळणारा आरोग्य विमा दाखवते, ज्याची किंमत अमेरिकेत राहिलेल्या माणसालाच कळते. शिकाऊ सफाईवालीला आचारी व्हायचं असेल तर प्रशिक्षणाची अकादमी आहे. आणि फ्रंटियर हॉटेलची गोष्ट तिला कुणीतरी सांगतंच: सप्टेंबर १९९१ मध्ये साडेपाचशे कामगार संपावर गेले, १९९८ च्या फेब्रुवारीत हॉटेलचा मालक बदलल्यावर आत गेले, आणि मधल्या सहा वर्षं चार महिन्यांत एकही जण फुटला नाही. तोवर ते चोवीस तास फाटकाबाहेर पाळी लावून उभे होते.

अशा युनियनकडे पाहून समर्थक म्हणतात, बघा, चांगली सेवा द्या, लोक आपणहून पैसे देतील. म्हणणं अर्धं खरं आहे. वेगसचे कॅसिनो उचलून मेक्सिकोला नेता येत नाहीत, मोटारीच्या सुट्या भागांचा कारखाना नेता येतो. शिवाय सभासद टिकवण्यात जाणारा स्टुअर्डचा वेळ कुठून तरी कापलाच जातो, आणि वेगसइतका वेळ व पैसा प्रत्येक गावातल्या दोनशे कामगारांच्या युनियनकडे नसतो.

मिशिगनमध्ये २०१२ ला १६.६ टक्के कामगार युनियनमध्ये होते, २०२२ ला १४. त्या वर्षी डेमोक्रॅटांना चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद एकदम मिळालं, आणि मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी सही करून ‘राइट टु वर्क’ कायदा रद्द केला. असा कायदा मागं घेणारं १९६५ मधल्या इंडियानानंतरचं हे पहिलंच राज्य. रद्द करणाऱ्या कायद्यातही दहा लाख डॉलरची तरतूद घातली होती. जनमत कुणाला नको असतं, हे पक्षावर नव्हे, खुर्चीवर अवलंबून दिसतं. उलट मिझुरीत विरोधकांनी जनमत घडवून आणलं, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये दर तीनपैकी दोन मतदारांनी हा कायदा अमलात येण्याआधीच फेटाळला होता. ते राज्य रिपब्लिकनांचं, त्यामुळे हा निकाल दोन्ही पक्षांनी नीट वाचायला हवा होता.

दक्षिणेत कायदा जसाच्या तसा आहे, पण वारं थोडं फिरलंय. टेनेसीतल्या चॅटनूगा इथल्या फोक्सवॅगन कारखान्यात यूएडब्ल्यू २०१४ मध्ये ७१२ विरुद्ध ६२६ मतांनी हरली, २०१९ मध्ये ८३३ विरुद्ध ७७६ अशी पुन्हा हरली. एप्रिल २०२४ मध्ये तिनं २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी बाजी मारली. महिन्याभरात शेजारच्या अलाबामात, मर्सिडीजच्या कारखान्यात, ती २,६४२ विरुद्ध २,०४५ अशी पडली. चॅटनूगात विरोधात मत दिलेल्या त्या ९८५ जणांचीही प्रतिनिधी आता यूएडब्ल्यूच आहे. त्यांच्या तक्रारी ती लिहील, लवादापर्यंत नेईल. त्यातल्या कुणी वर्गणी द्यायची की नाही, हे टेनेसीत ज्याचं त्यानं ठरवायचं आहे. आणि फॉर्म घेऊन त्यांच्या टेबलाशी जायचं काम तिथल्या स्टुअर्डांच्या वाट्याला आलेलं आहे.